अफगाण मुलींसाठीची एक ऑनलाइन शाळा: दोन वर्षं शिकवल्यानंतरचा अभिप्राय

शाळेचं नाव मी लिहिणार नाही. अभिप्राय द्यायचा आणि नावच गाळायचं हे विचित्र वाटेल. पण इथे शिकणाऱ्या मुली अफगाणिस्तानात राहतात, आणि तिथे मुलींना सहावीच्या पुढे शिकायला बंदी आहे. म्हणून शाळेचं नाव, गटाचं नाव, वर्ग कोणत्या अ‍ॅपवर भरतो, यातलं काहीही खाली सापडणार नाही. बाकी सगळं सांगते. माझ्याबरोबर शिकवून निवृत्त झालेल्या मैत्रिणी सारखं विचारतात, की आम्हालाही शिकवायचंय, अशा संस्था पुष्कळ दिसतात, त्यातली चांगली कशी ओळखायची? त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

मी ३१ वर्षं मराठी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. २०२२ साली निवृत्त झाले. आम्ही वानवडीला राहतो. तेव्हा आमच्या वरच्या खोलीत हेरातचा एक मुलगा भाड्याने राहत होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम. कॉम. करायचा. कोंढवा-वानवडीकडे अफगाण विद्यार्थी राहणं नवीन नाही, पण हा आमच्या घरातलाच झाला. मला तो 'खाला' म्हणायचा, म्हणजे मावशी.

१५ ऑगस्ट २०२१ला तालिबानने काबूल घेतलं, तेव्हा त्याची धाकटी बहीण आठवीत होती. सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळा उघडल्या त्या फक्त मुलग्यांसाठी. पुढच्या वर्षी २३ मार्चला मुलींनाही बोलावलं. तिने आदल्या रात्री काळा गणवेश आणि पांढरी ओढणी इस्त्री करून ठेवली, सकाळी शाळेत गेली, आणि त्याच सकाळी मुलींना परत घरी पाठवलं. जिन्यात उभं राहून तो मला हे सांगत होता, आणि पुन्हापुन्हा इस्त्रीवरच येत होता. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये विद्यापीठंही मुलींना बंद झाली. डिसेंबर २०२४मध्ये नर्सिंग आणि सुईणीच्या शिक्षणाची दारं बंद झाली. म्हणजे पुरुष डॉक्टरकडे बाईला जाऊ द्यायचं नाही असं मानणारी घरं असलेल्या देशात यापुढे सुईणीही तयार व्हायच्या नाहीत. युनिसेफने २०२५मध्ये शिक्षण अडलेल्या मुलींचा आकडा २२ लाख सांगितला. सहावीपर्यंत परवानगी आहे म्हणून काही मुली सहावीची परीक्षा मुद्दाम नापास होतात, म्हणजे आणखी एक वर्ष वर्गात बसता येतं. नापास झाल्यावर रडणाऱ्या मुली मी ३१ वर्षं पाहिल्या. नापास व्हायला धडपडणाऱ्या मुली असू शकतात हे मला माहीत नव्हतं.

आधी एका वेगळ्या संस्थेबद्दल, कारण चांगलं काय हे मला तिच्यामुळे कळलं. २०२३मध्ये मी एका परदेशी संस्थेत शिकवायला लागले. अ‍ॅप देखणं होतं. धड्यांत सुरेख चित्रं, प्रत्येक मुलीच्या प्रगतीचा रंगीत आलेख. माझ्या वर्गात २० मुली नोंदल्या आणि दोन महिन्यांत ६ उरल्या. मला वाटलं, माझं शिकवणं कळत नसेल, इंग्रजी जड जात असेल. मग वरच्या मुलाने एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. अ‍ॅपमध्ये शिरताना दर वेळी ओटीपी यायचा. सिमकार्ड वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर, आणि त्यांच्याच फोनमध्ये. वडील दुकानात, ओटीपीही दुकानात, मुलगी घरी आईचा जुना फोन घेऊन बसलेली. शिवाय अ‍ॅपचं चिन्ह पडद्यावर ठळक. रस्त्यात कोणी फोन तपासला तर ते लपवायचं कुठे? महिन्यातून एकदा कॅमेरा चालू ठेवून चाचणी द्यावी लागे. त्या १४ मुलींनी ती चाचणी कधी दिलीच नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर जी मुलगी होती तिच्याकडे स्वतःचा फोन होता, स्वतःची खोली होती, आणि दारावरची थाप ऐकून तिच्या छातीत धस्स होत नव्हतं.

आताच्या शाळेत मी मार्च २०२४मध्ये आले. तिथे शाळेचं वर्ष मार्चमध्ये, नवरोजच्या सुमाराला सुरू होतं, तेच वेळापत्रक ही शाळा पाळते. इथे मुलीचं खरं नाव विचारत नाहीत. गाव विचारत नाहीत. ओळखीतली एखादी मुलगी किंवा जुनी शिक्षिका तिच्यासाठी शब्द देते, एवढीच नोंदणी. नाव मुलीने स्वतः निवडायचं. माझ्या आठवीच्या वर्गात अनार आहे, बारान आहे (म्हणजे पाऊस), आणि एकीने नाव घेतलंय पेन्सिल. ही टोपणनावंही मी इथे बदलली आहेत. कॅमेरा कोणाचाच चालू नसतो, माझाही नाही. वेगळं अ‍ॅप नाही, घरोघरी फोनवर असतं त्यावरच काम चालतं. गटाच्या नावावरून आत शाळा आहे अशी शंका कोणाला येणार नाही.

हे ऐकून वरच्या मुलाने मला हेरातची गोष्ट सांगितली होती. १९९६ ते २००१, तालिबानच्या पहिल्या राजवटीत, हेरातमध्ये 'सोनेरी सुई' नावाचा शिवणवर्ग चालायचा. बायका पिशवीत कापड आणि कात्री घेऊन आठवड्यातून तीनदा जायच्या. आत हेरात विद्यापीठाचे प्राध्यापक त्यांना साहित्य शिकवायचे. शिवणकामाला बंदी नव्हती. त्याच काळात सकीना याकूबी यांच्या संस्थेने देशभरात ८० गुप्त शाळा चालवल्या. आमचा गट त्याच वळणाचा आहे, आणि या शाळेच्या चालकांना तो इतिहास पाठ आहे हे त्यांच्या प्रत्येक नियमात जाणवतं.

वर्ग शनिवार, सोमवार, बुधवार. शुक्रवारी सुट्टी. आपल्याकडे संध्याकाळचे सहा, म्हणजे काबूलला पाच. थेट बोलणं फक्त वीस मिनिटं. बाकीचं सगळं आवाजी निरोपांतून आणि फोटोंतून. निरोप तीन मिनिटांपेक्षा मोठा नको, फोटो २०० केबीच्या आत हवा, असे लेखी नियम आहेत. सुरुवातीला मला हे जाचक वाटलं. पण त्यामुळेच जिच्या हाती फोन रात्री साडेदहाला येतो, भाऊ झोपल्यावर, तीसुद्धा वर्गातच असते. मी घरचा जुना काळा लाकडी फळा वापरते. खडूने मोठं लिहिलं की फोटो छोटा केला तरी अक्षर फुटत नाही. मैत्रिणींनो, महागडी लिहायची पाटी घेऊ नका, मी घेतलेली पेटीतच पडून आहे.

पुस्तकं २०२१ पूर्वीची, तिथल्या शिक्षण मंत्रालयाचीच, पीडीएफ करून ठेवलेली. याला मी या शाळेचा सर्वांत शहाणा निर्णय म्हणेन. पुष्कळ संस्था आपापला अभ्यासक्रम आणतात, कोडिंग, नेतृत्व, व्यक्तिमत्त्व वगैरे. ही शाळा आठवीचं गणित आठवीच्या क्रमाने शिकवते. उद्या सरकारने शाळा उघडल्या तर अनारने नववीच्या बाकावर बसायचं आणि तिला पुढचं पान ओळखीचं वाटलं पाहिजे, हा त्यामागचा विचार.

आणि सहशिक्षिका. हिच्याविषयी जितकं लिहीन तितकं कमी. परदेशी शिक्षकाच्या प्रत्येक वर्गाला एक अफगाण शिक्षिका जोडलेली असते. माझी जोडीदार १२ वर्षं मुलींच्या शाळेत शिकवत होती, आता घरी आहे. मी हिंदी आणि इंग्रजी मिसळून शिकवते, ती दरीत, म्हणजे अफगाणी फारसीत, सांगते. मला पगार नाही, तिला आहे, दर महिन्याला, आणि तसंच असायला हवं. संस्था पारखायची असेल तर हा पहिला प्रश्न विचारा, की तिथल्या शिक्षिकांना पैसे देता का. उत्तर देताना चाचरले तर पुढे जाऊ नका.

तिच्यामुळे मी खूप चुकांतून वाचले. एकदा मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आपण सराव परीक्षा घेऊ, वेळ लावून. तिने मला लगेच वेगळा निरोप पाठवला, की ताई, ते शब्द नको. ३० सप्टेंबर २०२२ला काबूलच्या दश्त-ए-बर्चीमध्ये काज नावाच्या शिकवणी वर्गात मुलं-मुली विद्यापीठ प्रवेशाची सराव परीक्षा देत बसली होती, तेव्हा आत्मघाती स्फोट झाला. पन्नासहून जास्त गेली, त्यात बहुतेक मुली. आमच्या वर्गात त्या भागातल्या मुली आहेत का, हे मला ठाऊक नाही, विचारायचंही नाही. आम्ही आता 'शनिवारची गणितं' म्हणतो.

आकड्यांचा गोंधळही तिनेच सोडवला. ३१ वर्षं देवनागरी आकडे लिहिलेला माझा हात. पहिल्या महिन्यात समीकरणात मी सवयीने १ लिहिला, मुलींनी तो नऊ वाचला. ४ लिहिला, तो इंग्रजी आठ वाटला. सगळ्यांची उत्तरं चुकली आणि सगळ्यांची एकसारखी चुकली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग मी त्यांचे आकडे शिकले. त्यांचं शून्य म्हणजे नुसता टिंब. पिंपळाचं पान टोक वर करून धरा, तो त्यांचा पाच. इंग्रजी व्ही म्हणजे सात, आणि तोच उलटा केला की आठ. इंग्रजी पद्धतीने दशांश चिन्हाचा टिंब दिला, तर पेन्सिलने विचारलं, मुअल्लिम साहिब, मध्ये शून्य का? तिचा प्रश्न रास्त होता. त्यावरून आम्ही एक अख्खा तास स्थानिक किंमतीवर घालवला, आणि तो माझ्या नोकरीतल्या चांगल्या तासांत मी धरते.

भाषा मात्र वाटली होती तितकी परकी निघाली नाही. आपली हजेरी त्यांची हाजिरी, आपला तक्ता त्यांचा तख्ता म्हणजे फळा, कागद तर जवळजवळ तोच. वर्ग सुरू झाला की एकेक आवाज येतो, 'हाजिर', 'हाजिर'. तिकडे दिवे गेले की निरोप येतो, 'बर्क नीस्त'. वीज नाही. हिवाळ्यात तो रोजचाच.

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार. बैजिक राशींचे अवयव चालले होते. दुपारपासूनच नेट अडखळत होतं. पावणेसातच्या सुमाराला बारान सांगत होती की सामाईक अवयव बाहेर काढला की कंसात काय उरतं, आणि 'उरतं' च्या आधीच तिचा आवाज तुटला. मला वाटलं तिच्याकडचं नेट गेलं. पण सगळ्याच जणी गेल्या, जोडीदारही गेली. थोड्या वेळाने बातम्या आल्या, की अख्ख्या अफगाणिस्तानचं इंटरनेट आणि मोबाइल बंद केलंय. त्याआधी दोन आठवडे उत्तरेकडच्या बाल्खसारख्या प्रांतांत 'अनैतिकता रोखण्यासाठी' फायबरचं इंटरनेट तोडलं होतं, पण सगळा देश असा एका संध्याकाळी गप्प होईल असं वाटलं नव्हतं. आमच्या वरच्या मुलाचं शिक्षण संपून तो आता दिल्लीला असतो. त्याने रात्री फोन केला. त्यालाही आईचा फोन लागत नव्हता. दोघांनाही काही सुचेना.

इथे शाळेची खरी कसोटी लागली आणि ती त्यात उतरली. जुलैमध्येच चालकांनी प्रत्येक वर्गासाठी 'नेटविना महिना' नावाची पुडी तयार करून घेतली होती. आठवीच्या गणिताची चार आठवड्यांची उदाहरणं, सोडवून दाखवलेली, उत्तरं शेवटी, आणि माझे २६ आवाजी निरोप, सगळं मिळून एका छोट्या मेमरी कार्डावर मावेल इतकं. फोनवरून फोनवर नेटशिवाय देता येईल असं. तेव्हा आम्ही काही शिक्षकांनी कुरकुर केली होती, हे जादा काम कशाला म्हणून. बुधवारी, १ ऑक्टोबरला, ४८ तासांनी नेट परत आलं. सहा वाजता मी गट उघडून बसले. सहा वाजून चार मिनिटांनी पहिलं 'हाजिर' आलं. सात वाजेपर्यंत सतरापैकी अकरा. अनारने वहीची तीन पानं पाठवली, त्या पुडीतली पहिल्या आठवड्याची सगळी उदाहरणं सोडवून. बारानने मात्र काही सोडवलं नव्हतं. तिने सोमवारचं उत्तर पूर्ण केलं. कंसात काय उरतं ते.

आता ज्या गोष्टी मला पटत नाहीत त्या.

शिक्षकांकडून ही शाळा फक्त आठ आठवड्यांचा शब्द घेते. हे चूक आहे. मी यायच्या आधी त्या वर्गाला एका वर्षात तीन गणिताचे शिक्षक झाले होते. दोघे महाविद्यालयात शिकणारे होते, मनाने चांगले, पण त्यांची परीक्षा आली आणि ते गेले. ज्या मुलीची शाळा गेली, मैत्रिणी गेल्या, तिला दर दोन महिन्यांनी नवा आवाज ऐकवू नये. किमान एक शैक्षणिक वर्ष, नाहीतर येऊच नका, असा नियम हवा. मी दोनदा लेखी कळवलं आहे. शिक्षक मिळत नाहीत, हे त्यांचं उत्तर. खरं असेल, पण मला पुरत नाही.

गेल्या वर्षी देणगीदारांसाठी मुलींच्या आवाजात 'माझी गोष्ट' ध्वनिमुद्रित करून मागवली होती. जोडीदाराने आणि मी नकार दिला. आवाजावरूनही माणूस ओळखता येतो. आणखी काही वर्गांनीही नकार दिला, तेव्हा ती कल्पना मागे घेतली. मागे घेतली हे चांगलंच, पण सुचली कशी, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

सर्वांत मोठी उणीव कागदाची. बारावीपर्यंत सगळं शिकून झालं तरी हातात मान्यताप्राप्त प्रमाणपत्र येत नाही. शाळा स्वतःचा दाखला देते, पण तो कुठे चालेल याची हमी नाही. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलसारख्या ऑनलाइन विद्यापीठात हजारो अफगाण मुलींनी नावं घातली आहेत, पण तिथवर पोचायला बारावी झाल्याचा पुरावा आणि बऱ्यापैकी इंग्रजी लागतं. २०२१मध्ये बारावी झालेल्या मुलींना तो रस्ता आहे. तेव्हा आठवीत असलेल्यांना नाही. या एका गोष्टीवर सरकारांनी आणि विद्यापीठांनी बसून मार्ग काढायला हवा, आपलीही विद्यापीठं त्यात आली. पुण्याहून पदवी घेऊन गेलेले किती अफगाण आहेत! त्यांच्या पदवीपत्रावर ज्या बाईंचं नाव छापलेलं असतं, त्यांच्या विद्यापीठाने हे काम हाती घेतलं तर मला फार बरं वाटेल.

पर्याय म्हणून कोणी बेगमचं नाव घेतं. रेडिओ बेगम ८ मार्च २०२१ला काबूलमध्ये सुरू झाला, पुढे हमिदा अमान यांनी पॅरिसहून उपग्रहावरून बेगम टीव्ही काढला, आणि सातवी ते बारावीचे दरी आणि पश्तोतले धडे त्यांच्या ऑनलाइन अकादमीवर मोफत आहेत. फेब्रुवारी २०२५मध्ये रेडिओच्या काबूल कार्यालयावर धाड पडली, दोन कर्मचाऱ्यांना नेलं, प्रसारण थांबवलं, आणि त्याच महिन्यात परवानगी परत मिळाली. घराच्या छतावरची तबकडी नेट गेल्यावरही चालते, हे त्याचं मोठं बळ. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली तिथले धडेही पाहतात आणि मी त्यांना पाहा असंच सांगते. पण टीव्हीला उलट प्रश्न विचारता येत नाही, मध्ये शून्य का म्हणून. त्यासाठी माणूस लागतं, आणि आपण बाया तेच काम आयुष्यभर करत आलोय.

तेव्हा मैत्रिणींनो, वेळ वाया जातो का? माझे आठवड्याचे सहा तास जातात. तीन वर्गाचे, तीन वह्या तपासायचे. इंग्रजी फर्डं लागत नाही, सहशिक्षिका असते, हिंदी बऱ्याच मुलींना सिनेमा-मालिकांमुळे कळतं. शिकवताना मुलीचं गाव, घर, वडील काय करतात, हे विचारायची आपली सवय सोडावी लागते. फोटो काढून आपल्या गटांत टाकायचे नाहीत, स्वतःच्या नातवंडांनाही वर्ग दाखवायचा नाही. एखादी मुलगी महिनाभर दिसली नाही तरी चौकशी करायची नाही, हजेरीत तिचं नाव घ्यायचं आणि पुढे जायचं. हे मला अजून जमत नाही, पण करते.

मला ओळखणाऱ्यांनी फोन करावा, मी चालकांशी गाठ घालून देईन. गणिताला सध्या माणसं आहेत. दहावीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गाला मात्र नोव्हेंबरपासून शिक्षक नाही. वर्गात चौदा मुली आहेत, आणि प्रकाशाचं परावर्तन अर्ध्यावर राहिलंय.